गावचा कोतवाल : घाशीराम सर्वांना ठाऊक, रखवालदार कोणालाच नाही

१/
नागपूरच्या दक्षिणेकडे मानेवाडा आणि म्हाळगीनगर मागे टाकले की हुडकेश्वर लागते. आज तेथे दाट वस्ती आहे, मंगल कार्यालये आहेत, शिकवणीवर्ग आहेत आणि शहर आयुक्तालयाच्या अखत्यारीतील पोलीस ठाणेही आहे. दोन-तीन दशकांपूर्वी मात्र हे शेतांनी वेढलेले एक खेडे होते. त्या खेड्यातील शांतता राखण्याचे काम ठाण्याची इमारत उभी राहण्यापूर्वी शेकडो वर्षे चालत आलेले होते. ते कोण करीत होते? हा धागा त्या माणसांविषयी आहे.

२/
मराठी वाचकाला कोतवाल म्हटले की एकच नाव आठवते : घाशीराम. नाना फडणविसांच्या काळात पुण्याचा कोतवाल झालेला, जुलमासाठी कुप्रसिद्ध ठरलेला आणि १७९१ मध्ये संतप्त जमावाच्या दगडांखाली मेलेला माणूस. विजय तेंडुलकरांच्या १९७२ मधील नाटकाने त्याला अजरामर केले. परंतु त्याच काळात मराठी मुलखातील हजारो खेड्यांत रात्री काठी आपटत फिरणारे, चोराचा माग काढणारे, कोणाच्या घरी मृत्यू झाला याची वर्दी देणारे कोतवाल होते. त्यांतील एकाचेही नाव सहजी सांगता येत नाही. वाईट कोतवालाला इतिहासात जागा मिळाली. चांगल्याला मिळाली नाही. असे का झाले?

३/
प्रथम शब्द पाहू. ‘कोट’ म्हणजे किल्ला किंवा तट, आणि त्याचा पालक तो ‘कोट्टपाल’. फारसी कारभारात हाच शब्द ‘कोतवाल’ या रूपात रुळला. अकबराच्या काळातील ‘आईन-इ-अकबरी’त कोतवालाची कर्तव्ये सविस्तर दिली आहेत. शहरातील घरांची नोंद ठेवणे, येणाऱ्या-जाणाऱ्यांची माहिती घेणे, मोहल्ल्यामोहल्ल्यांत जबाबदार माणसे नेमणे, वजनेमापे तपासणे, चोरांचा बंदोबस्त करणे. थोडक्यात, कोतवाल हा नगरातील बडा अंमलदार होता. नागपूरच्या महालातील ‘कोतवाली’ पोलीस ठाण्याच्या नावात या जुन्या रुबाबाची खूण आजही टिकून आहे.

४/
मात्र शब्द शहरातून खेड्यात आला आणि त्याचा दर्जा पायरी-पायरीने उतरला. गावातील कोतवाल म्हणजे सर्वांत खालच्या पायरीवरचा सेवक. देशावर त्याला जागल्या म्हणत. काही भागांत ही रखवाली रामोशी आणि भिल्ल करीत, तर पुष्कळ गावांत ते महारांचे काम होते. नागपूर प्रदेशातही गावचा कोतवाल बहुधा महार समाजातील असे. त्याच्या नशिबी नाव शहरातल्या अंमलदाराचे आणि वागणूक मात्र अस्पृश्याची आली. या विसंगतीतच पुढच्या साऱ्या इतिहासाचे बीज आहे.

५/
या सेवकाचे कसब विलक्षण होते. पेशवाई संपल्यावर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने जिंकलेल्या मुलखाविषयी जो अहवाल तयार केला, त्यात गावच्या रखवालदाराचे वर्णन येते. रात्री फेरी घालणे, कोण बाहेर गेला आणि कोण नवा आला हे ध्यानात ठेवणे, गावातील प्रत्येकाच्या वागणुकीची माहिती बाळगणे हे त्याचे काम. संशयित माणूस गावात उतरला, तर त्याच्यावर नजर ठेवणेही त्याच्याकडेच असे. हे सारे दप्तर त्याच्या डोक्यात असे. कागदावर काहीच नसे.

६/
चोरी झाली की ‘माग’ निघे. रखवालदार चोराच्या पावलांचा ठसा शोधी, त्याची लांबी-रुंदी मापून घेई आणि तो माग धरून शिवेपर्यंत जाई. माग शिव ओलांडून पलीकडे गेला, तर पुढच्या गावच्या रखवालदाराला बोलावून तो त्याच्या स्वाधीन केला जाई. तेथून जबाबदारी त्या गावाची. ज्या गावाच्या हद्दीत माग विरून जाई, त्या गावावर नुकसानीचा बोजा येई. त्यामुळे एका माणसाच्या नजरेवर साऱ्या गावाची तिजोरी अवलंबून असे. त्याने ठसा चुकीचा ओळखला, तर दंड गाव भरी.

७/
शिवेचा तंटा निघाला, तरी साक्ष त्याचीच. गावची हद्द कोणत्या दगडापासून कोणत्या झाडापर्यंत जाते, हे महाराइतके कोणाला ठाऊक नसे. मध्य प्रांतातील जातीजमातींवर १९१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आर. व्ही. रसेल यांच्या ग्रंथातही सीमेच्या वादात महाराच्या शब्दाला असलेल्या वजनाची नोंद आहे. ज्या माणसाला देवळाची पायरी चढण्याची मुभा नव्हती, त्याच्याच शब्दावर देवळासकट सारे गाव आपली हद्द ठरवीत होते. विश्वास पूर्ण आणि मान शून्य, असा हा व्यवहार होता.

८/
आता नागपूरकडे वळू. नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीची लढाई झाली. आप्पासाहेब भोसल्यांची सत्ता गेली आणि तिसरे रघुजी गादीवर आले. त्यांच्या अल्पवयात राज्याचा कारभार ब्रिटिश रेसिडेंट रिचर्ड जेन्किन्स याच्या देखरेखीखाली चालला. डिसेंबर १८५३ मध्ये रघुजी निपुत्रिक वारले आणि १८५४ मध्ये डलहौसीने नागपूर राज्य खालसा केले. राजवाड्यातील सत्ता अशी एका फटक्यात बदलली. गावच्या शिवेवरची काठी मात्र त्याच हातात राहिली. नव्या राज्यकर्त्यांपाशी सैन्य होते, कचेऱ्या होत्या. गावात काल रात्री कोण आले होते हे सांगणारा माणूस मात्र त्यांना नव्याने घडवता येणार नव्हता.

९/
१८५७ च्या उठावानंतर सरकारने पोलीस दलाची नव्याने मांडणी केली. १८६१ चा पोलीस कायदा आला आणि त्याच वर्षी नागपूर राजधानी असलेला मध्य प्रांत स्थापन झाला. गणवेशधारी शिपाई, त्यावर हवालदार, त्यावर निरीक्षक, जिल्ह्याला अधीक्षक अशी उतरंड उभी राहिली. या शिपायाला पगार होता, बढती होती, बदलीही होती. तो आज येथे, उद्या तेथे. गावचा कोतवाल या उतरंडीच्या बाहेर राहिला. त्याला बदली नव्हती, कारण त्याचे सारे ज्ञान त्याच गावाचे होते. आणि बढतीही नव्हती, कारण त्याच्या वर चढायला पायरीच नव्हती.

१०/
मध्य प्रांताच्या जमीनव्यवस्थेत गावचा मालगुजार हा मालक ठरला. सरकारसमोर मालगुजारांचे प्रतिनिधित्व करणारा तो लंबरदार. गावाच्या कारभाराची आणि सुव्यवस्थेची जबाबदारी ज्याच्यावर, तो मुकद्दम. आणि मुकद्दमाच्या हाताखाली कोतवाल. १८८१ च्या मध्य प्रांत जमीन महसूल कायद्याने या रचनेला कायद्याचे रूप दिले. गुन्हा, संशयास्पद मृत्यू, अनोळखी टोळी यांची खबर पोहोचवण्याची जबाबदारी कागदोपत्री मुकद्दमाची असे. ठाण्यापर्यंतचे कोस मात्र कोतवाल तुडवी.

११/
त्याचे वेतन काय? रोख पैसे क्वचितच. खळ्यावर धान्याचा वाटा, कोठे सेवेपोटी जमिनीचा तुकडा, सणावाराला काही हक्क. पीक बुडाले की त्याचे वेतनही बुडाले. कामाला मात्र वेळकाळ नव्हता. दवंडी पिटणे, साहेबाचा मुक्काम पडला की सामान वाहणे, रात्रीची गस्त घालणे, कैद्याला पोहोचवणे, टपाल नेणे. पोलिसाचे काम संपते कोठे आणि वेठ सुरू होते कोठे, हे त्याला विचारणारा कोणी नव्हता.

१२/
याच कोतवालाने एक असे काम केले, ज्यावाचून आजच्या इतिहासकाराचे पान हलत नाही. मध्य प्रांतात गावातील जन्म-मृत्यूची खबर पोलीस ठाण्यात देण्याची जबाबदारी त्याच्याकडे होती. ठरलेल्या दिवशी तो नोंदवही घेऊन चालत ठाण्यावर जाई. स्वतःला अक्षरओळख नसली, तर दुसऱ्याकडून लिहून घेई. त्याने आणलेल्या खबरांची बेरीज ठाण्यातून जिल्ह्याला, जिल्ह्यातून नागपूरला आणि तेथून छापील वार्षिक अहवालात जाई.

१३/
१८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या भीषण दुष्काळांत मध्य प्रांतात किती माणसे दगावली? १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत हा प्रांत देशातील सर्वाधिक होरपळलेल्या भागांपैकी एक होता, हे कशावरून कळते? या प्रश्नांची उत्तरे संशोधक ज्या आकड्यांवरून देतात, त्यांच्या मुळाशी गावोगावच्या कोतवालांची पायपीट आहे. या नोंदींत दोष होते. पटकी, देवी, सर्पदंश ओळखता येत. बाकीचे बहुतेक मृत्यू ‘ताप’ या एकाच रकान्यात जात. पण माणूस गेला एवढे तरी त्या वहीने नोंदवून ठेवले. साथीच्या महिन्यांत हीच वही घेऊन जाणाऱ्या कोतवालाच्या स्वतःच्या घरातही ताप शिरलेला असू शकत होता, हे वाचकाने लक्षात ठेवावे.

१४/
१९०२ मध्ये लॉर्ड कर्झनने भारतातील पोलीस व्यवस्थेच्या चौकशीसाठी आयोग नेमला. त्याचे अध्यक्ष होते सर अँड्र्यू फ्रेझर. या गृहस्थांनी १८७१ पासून सुमारे तीन दशके मध्य प्रांतात नोकरी केली होती आणि प्रांताच्या मुख्य आयुक्तपदापर्यंत ते पोहोचले होते. म्हणजे अखिल भारतीय पोलीस सुधारणेची दिशा ठरवणाऱ्या माणसाचे शिक्षण याच नागपूर मुलखात झालेले होते. आयोगाने नियमित पोलीस दलावर अत्यंत कठोर टीका केली. भ्रष्टाचार आणि दडपशाही यांचे त्यात स्पष्ट शब्दांत वर्णन आहे.

१५/
त्याच आयोगाने गावच्या पोलिसाविषयी मात्र वेगळा सूर लावला. गावातील सुव्यवस्थेची जबाबदारी गावप्रमुखावर असावी, रखवालदार हा गावाचाच सेवक राहावा आणि त्याला नियमित पोलिसांच्या हाताखाली देऊ नये, असे त्याचे मत पडले. कारण साधे होते. ठाण्यातील जमादाराचा हुकूम मानू लागला की रखवालदार गावाचा राहत नाही, तो हेर होतो. आणि हेराला कोणी मनातले सांगत नाही. गावच्या पोलिसाचे बळ गावकऱ्यांच्या विश्वासात असते, हे ओळखणारा हा निष्कर्ष आजही विचार करायला लावतो.

१६/
परंतु ज्याच्यावर एवढा विश्वास टाकायचा, त्याला माणूस म्हणून काय द्यायचे, हा प्रश्न अनुत्तरितच राहिला. तो थेट विचारला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. मुंबई इलाख्यात महारांची गावकीची सेवा १८७४ च्या वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्याने बांधलेली होती. १९२८ मध्ये बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात त्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. कामाचे स्वरूप निश्चित करा, मोबदला निश्चित द्या आणि ज्याला वतन सोडून मोकळे व्हायचे असेल त्याला होऊ द्या, असा त्यांच्या मागणीचा गाभा होता.

१७/
वतनदार एक, पण राबायला सारे कुटुंब. कोणत्याही प्रहरी बोलावणे येई आणि नकार देण्याची सोय नव्हती. ज्याला परंपरा ‘मान’ म्हणत होती, ते प्रत्यक्षात दास्य असल्याचे बाबासाहेबांनी दाखवून दिले. ते विधेयक त्या वेळी मंजूर झाले नाही. पुढे ते मागे घ्यावे लागले. कनिष्ठ गाववतने रद्द करणारा मुंबई राज्याचा कायदा १९५८ मध्ये झाला. त्याआधी दोनच वर्षे, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपुरात लाखोंच्या समुदायाने धम्मदीक्षा घेतली होती. पिढ्यान्‌पिढ्या गावच्या शिवेवर उभ्या राहिलेल्या घरांतील माणसे त्या समुदायात होती. ‘दीर्घ सेवेचा गौरव’ असा विषय निघतो, तेव्हा ती सेवा स्वेच्छेची होती का, हे आधी विचारावे लागते. कोतवालाच्या इतिहासाने शिकवलेला हा पहिला धडा.

१८/
स्वातंत्र्यानंतर नागपूरची राजकीय पाटी तीनदा बदलली. आधी मध्य प्रदेश, १ नोव्हेंबर १९५६ पासून द्वैभाषिक मुंबई राज्य आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्र. मधल्या काळात मालगुजारी संपली. १९६२ मध्ये महाराष्ट्राने महसुली पाटलांचे वंशपरंपरागत पद रद्द करणारा कायदा केला. एकाच राज्यात आता जुना मुंबई इलाखा, विदर्भ आणि मराठवाडा अशा तीन परंपरांची गावे होती. त्यांना एका सूत्रात आणणारा कायदा आवश्यक झाला.

१९/
तो म्हणजे महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियम, १९६७. त्याने ‘पोलीस पाटील’ हे पद राज्यभर एकसारखे केले. नाव जुने, पण अर्थ नवा. पाटीलकी आता रक्ताने मिळणार नव्हती. गावचा रहिवासी, २५ ते ४५ वयाचा, ठरलेले किमान शिक्षण असलेला कोणीही उमेदवार अर्ज करू शकत होता. जात, घराणे, जमीन यांची अट गेली. पुढे आरक्षणही आले आणि स्त्रियाही पोलीस पाटील झाल्या. ज्या पदासमोर एकेकाळी पागोटे काढून उभे राहावे लागे, त्या पदावर त्याच उभे राहणाऱ्यांची नात बसू शकली. घाशीरामापासून सुरू झालेल्या या कथेतील हे सर्वांत मोठे वळण होय.

२०/
कोतवालाची वाट येथे वेगळी झाली. तो महसूल खात्याकडे गेला आणि तलाठ्याचा मदतनीस झाला. अलीकडे तर त्याचे पदनाम ‘महसूल सेवक’ असे बदलण्यात आले. गावच्या सुव्यवस्थेची जबाबदारी पोलीस पाटलाकडे राहिली. नेमणूक करणारे अधिकारी महसूल प्रशासनातले आणि हुकूम कार्यकारी दंडाधिकाऱ्याचा. पोलीस पाटील हा ठाणेदाराचा शिपाई नाही. फ्रेझर आयोगाने सहा दशकांपूर्वी जो भेद सुचवला होता, त्याचे प्रतिबिंब या रचनेत दिसते.

२१/
त्याचे काम कायद्यात मोजक्या ओळींत येते. गुन्ह्यांची आणि गावाच्या सर्वसाधारण स्थितीची माहिती दंडाधिकाऱ्याला देणे, पोलिसांना साहाय्य करणे, शांततेला बाधा आणणारी खबर गोळा करून पोहोचवणे, गुन्हा घडू न देणे. आकस्मिक किंवा अनैसर्गिक मृत्यू झाला, बेवारस प्रेत सापडले, तर धाव घ्यायची ती प्रथम त्यानेच. विहिरीत पडलेले मूल, झाडाला लटकलेला कर्जबाजारी शेतकरी, विजेच्या धक्क्याने गेलेला मजूर. ठाण्याची गाडी येईपर्यंत प्रेताजवळ थांबणारा, पंच जमवणारा आणि आक्रोश करणाऱ्या आईला सावरणारा माणूस तोच. शिपायासाठी ते एक प्रकरण असते. पोलीस पाटलासाठी ते शेजारचे घर असते.

२२/
या पदाची खरी कसोटी नागपूरपासून फार दूर नसलेल्या गडचिरोलीत लागली. १९८२ मध्ये चंद्रपूरपासून वेगळा झालेला हा जिल्हा नक्षलवादी हिंसाचाराने दीर्घकाळ होरपळला. ‘खबऱ्या’ असल्याच्या संशयावरून तेथे अनेक पोलीस पाटलांच्या हत्या झाल्या. कित्येकांनी भीतीपोटी राजीनामे दिले. शिपायाजवळ बंदूक असते, छावणी असते आणि मुदत संपली की बदली असते. पोलीस पाटलाजवळ फक्त त्याचे घर असते, आणि ते घर कोठे आहे हे सर्वांना ठाऊक असते. गावाला ओळखणे हे त्याचे सामर्थ्य. गावाने त्याला ओळखणे हा त्याचा धोका.

२३/
इतरत्र हे काम कमी रक्तरंजित, पण तितकेच किचकट आहे. बांधाचा वाद, भावकीतील भांडण, मिरवणुकीच्या मार्गावरून होणारी तेढ. १५ ऑगस्ट २००७ रोजी गृहमंत्री आर. आर. पाटील यांच्या पुढाकाराने महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली आणि गावपातळीवरच्या समितीत पोलीस पाटलालाही स्थान मिळाले. न्यायालयात पिढ्यान्‌पिढ्या चालले असते असे तंटे पारावर मिटावेत, ही त्यामागची कल्पना. मिटलेल्या भांडणाची बातमी होत नाही. चोर पकडला की छायाचित्र छापून येते. चोरी झालीच नाही, याचे छायाचित्र काढता येत नाही. गावच्या पोलिसाचे यश असे नेहमी अदृश्य राहते.

२४/
मोबदल्याचा प्रश्न मात्र जुनाच. पोलीस पाटलाला मिळते ते वेतन नाही, मानधन आहे. आणि निवृत्तिवेतनही नाही. त्यासाठी संघटनांनी वर्षानुवर्षे मोर्चे काढले. मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने हे मानधन दरमहा ६,५०० रुपयांवरून १५,००० रुपयांवर नेण्याचा निर्णय घेतला. खळ्यावरच्या धान्यापासून बँकेतील रकमेपर्यंतचा प्रवास मोठा आहे. तरी ‘मान’ आणि ‘धन’ या दोन शब्दांपैकी राज्याने आजवर पहिला उदारपणे आणि दुसरा हात राखूनच दिला, असे हा इतिहास सांगतो.

२५/
पुन्हा हुडकेश्वरला येऊ. नागपूर शहराला पोलीस आयुक्तालय मिळाले १९६५ मध्ये. त्या वेळी हुडकेश्वर शहराबाहेर होते. शहर उमरेड मार्गाच्या आणि मानेवाड्याच्या बाजूने सरकत आले, शेतांचे भूखंड पडले, ‘लेआऊट’ हा शब्द मराठी झाला. गेल्या दशकाच्या आरंभी हुडकेश्वर आणि शेजारचे नरसाळा ही गावे महानगरपालिकेच्या हद्दीत आली. गाव महापालिकेत विलीन झाले की गावासाठी निर्माण केलेल्या पदांचा आधार हळूहळू सुटतो. ग्रामपंचायतीच्या जागी प्रभाग, पोलीस पाटलाच्या जागी ठाण्यातील बीट.

२६/
या बदलात हानी आहे तसा लाभही आहे. गावच्या नजरेखाली जगणे सर्वांना सारखे सुखाचे नव्हते. जी नजर चोराला ओळखी, तीच नजर आंतरजातीय विवाह करणाऱ्या मुलीवरही रोखलेली असे. पारावरचा समेट अनेकदा दुबळ्याला गप्प बसवून होई. ठाण्यात दाखल होणारा गुन्हा निदान कागदावर तरी राहतो आणि तक्रारदार स्त्रीला आपल्या भावकीची परवानगी मागावी लागत नाही. शहराने दिलेले हे स्वातंत्र्य खरे आहे. त्याची किंमतही खरी आहे : दाराला कुलूप लावून गेलेल्या म्हाताऱ्याला दोन दिवसांत कोणी पाहिले का, याचे उत्तर देणारा माणूस आता गल्लीत नाही. कॅमेरा चेहरा टिपतो. तो कोणाचा, हे सांगायला अजून माणूसच लागतो.

२७/
पोलिसांच्या गौरवाच्या पद्धती आपल्याकडे आहेत. १९०९ मध्ये ब्रिटिश सरकारने ‘किंग्ज पोलीस मेडल’ सुरू केले. प्रजासत्ताक भारतात १९५१ पासून राष्ट्रपतींची पोलीस पदके आली. २१ ऑक्टोबर हा पोलीस स्मृतिदिन. १९५९ मध्ये त्या दिवशी लडाखमधील हॉट स्प्रिंग्ज येथे चिनी सैन्याच्या हल्ल्यात केंद्रीय राखीव पोलीस दलाचे दहा जवान हुतात्मा झाले. ही स्मरणे योग्यच आहेत. मात्र ती प्रामुख्याने गणवेशाची आणि धाडसाच्या क्षणाची स्मरणे आहेत. तीस वर्षे एकाच गावात रोज थोडे थोडे केलेले काम कोणत्या पदकात मावणार?

२८/
त्याचा गौरव आधी नोंदीतून व्हायला हवा. गावोगावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या वह्या, मुकद्दमांचे आणि कोतवालांचे कागद अभिलेख कक्षांत कसरीची वाट पाहत पडलेले आहेत. गावातील ऐंशीच्या घरातल्या माणसांना कोतवाल कोण होता, तो कोणत्या वाटेने ठाण्यावर जाई, दवंडी कोठे उभा राहून देई, हे अजून आठवते. इतिहासाची आवड असलेल्या तरुणाने एका रविवारी आपल्या आजोळी एवढे तीन प्रश्न विचारले आणि उत्तरे लिहून ठेवली, तरी एका गावापुरते हे विस्मरण थांबेल. उत्तर देणाऱ्याने ते नाव कोणत्या स्वरात उच्चारले, तेही टिपून ठेवावे; त्या स्वरात आदर होता की हुकूम, यातच निम्मा इतिहास असतो.

२९/
घाशीरामाचे नाव राहिले, कारण त्याच्या हातून झालेल्या मृत्यूंनी शहर हादरले. गावच्या कोतवालाचे नाव राहिले नाही, कारण त्याने इतरांची नावे वहीत पोहोचवली आणि स्वतःचे नाव लिहायला त्याला कोणी अक्षर शिकवले नाही. हुडकेश्वरच्या रस्त्यावर आज रात्री पोलिसांची गाडी दिवे चमकवीत फिरते. ज्या वाटेवर ती फिरते, त्या वाटेवर तिच्या आधी कित्येक पिढ्या एक काठी वाजत गेली होती.

(धागा समाप्त)